बिग आयलंडला उतरायचं कुठे: कोना की हिलो?

चांदणवेल
हवाईच्या बिग आयलंडला आठवडाभर जायचं नक्की झालंय. आम्ही दोघं, बारा वर्षांची लेक आणि सध्या आमच्याकडे आलेले सासू-सासरे. तिकिटं बघायला बसलो आणि पहिल्याच घासाला खडा लागला. बेटावर विमानतळ दोन, पश्चिमेला कोना आणि पूर्वेला हिलो. अमेरिकेच्या मेनलँडहून कोनाला थेट विमान मिळतंय. हिलोला जायचं तर होनोलुलूला उतरून दुसरं विमान पकडायचं.

लेकीला ज्वालामुखी बघायचाय, बाकी काही नाही झालं तरी चालेल म्हणते. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. सासऱ्यांना समुद्रकिनारी निवांत बसायचंय. नवऱ्याचं म्हणणं, बेटच ते, कुठेही उतरलं तरी काय फरक पडतो, गाडी तर घेणारच आहोत. मला मात्र नकाशा बघून तसं वाटत नाहीये. जाऊन आलेल्यांनी सांगा ना, कुठे उतरलात आणि का?

उनाड
कोना. डोळे झाकून.

दर्यावर्दी
चांदणवेल, तुमची शंका बरोबर आहे. नाव ‘बिग’ आहे ते उगाच नाही. क्षेत्रफळ १०,४०० चौरस किलोमीटरच्या वर, हवाईची बाकी सगळी बेटं एकत्र केली तरी याच्याएवढी भरत नाहीत. शिवाय मध्ये दोन प्रचंड पहाड उभे आहेत, मौना केआ (४,२०७ मीटर) आणि मौना लोआ (४,१६९ मीटर). तुमच्या प्रश्नाचं उत्तर या पहाडांमध्येच आहे.

वारे वर्षातला बहुतेक काळ ईशान्येकडून येतात. समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, पहाडाला अडतात, वर चढतात आणि सगळा पाऊस हिलोच्या बाजूला रिता करतात. पलीकडे उतरेपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही. म्हणून हिलोला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि पश्चिमेच्या कोहाला किनाऱ्यावर काही ठिकाणी जेमतेम २५० मिलिमीटर. एका बाजूला धबधबे, नेचे, शेवाळलेले वृक्ष. दुसऱ्या बाजूला काळा लाव्हा, वाळलेलं गवत आणि लख्ख ऊन. मोठी रिसॉर्ट आणि पांढऱ्या वाळूचे किनारे सगळे कोरड्या बाजूला. ज्वालामुखी मात्र ओल्या बाजूच्या जवळ.

हिलो विमानतळापासून हवाई व्होल्कॅनोज नॅशनल पार्क पाऊण तास. कोना विमानतळापासून सव्वादोन ते अडीच तास, तेही वाटेत कुठे न थांबता. आता बघा फरक पडतो का ते.

गोगलगाय
दर्यावर्दी +१. उनाड, डोळे झाकून कोनाला उतरलात म्हणूनच बहुधा नकाशा दिसला नाही :)

मुलीला ज्वालामुखी बघायचा असेल तर हिलोच. कोनाला राहून ‘एक दिवस ज्वालामुखी’ असा बेत लोक करतात तो मला अजिबात पटत नाही. सकाळी आवरून निघेपर्यंत नऊ, पोचेपर्यंत दुपार. भर उन्हात विवरातून नुसता धूर दिसतो. लाव्हाचा लाल उजेड खरा दिसतो तो अंधार पडल्यावर, आणि अंधार पडायच्या सुमारास या मंडळींना परतीची घाई लागलेली असते. कारण पुढे डोंगरातून रात्रीचं ड्रायव्हिंग आहे. म्हणजे ज्यासाठी गेलो तेच बघायचं राहतं.

उनाड
अरे बाबांनो, एका ओळीत लिहिलं म्हणून एवढं धारेवर धरू नका. मी समुद्राच्या हिशोबाने सांगितलं. सासऱ्यांना किनाऱ्यावर बसायचंय असं मूळ पोस्टमध्येच आहे. हिलोला लिलिउओकलानी बाग सुंदर आहे, पण तिथला किनारा खडकाळ आणि आभाळ कधी भरून येईल सांगता येत नाही. हापुनाची वाळू कोनाच्या विमानतळापासून अर्ध्या तासावर आहे. रात्री मांटा रे बघायला पाण्यात उतरतात तेही कोनाच्या बाजूलाच. पाण्यावर तराफा, त्याला खाली दिवे, दिव्यांच्या उजेडाला प्लँक्टन गोळा होतं आणि ते खायला हे प्रचंड मासे पोटाखालून कोलांट्या घेत जातात. हाताच्या अंतरावरून! बारा वर्षांच्या मुलीला पोहता येत असेल तर हे चुकवू नका.

आणि थेट विमान हा काही लहान मुद्दा नाही. ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना मध्ये विमान बदलणं टळत असेल तर टाळावं.

झुळूक
ज्येष्ठ मंडळींचा विषय निघालाय म्हणून एक गोष्ट सांगते, ती सहसा कुणी लिहीत नाही. कोनाला विमानातून थेट इमारतीत नेणारे बंदिस्त पूल नाहीत. जिन्याने किंवा उतरत्या रॅम्पवरून खाली धावपट्टीच्या मैदानात यायचं, तिथून चालत बाहेर. मला स्वतःला ते फार आवडतं. दार उघडलं की गरम वारा अंगावर येतो, समोर काळा लाव्हा पसरलेला, झोपडीसारख्या छपरांच्या उघड्या इमारती, भिंतीच नाहीत. पण माझ्या आईला गुडघ्यामुळे तो उतार जड गेला होता. व्हीलचेअर आधी सांगून ठेवली तर माणूस रॅम्पवरून व्यवस्थित घेऊन जातो, काळजी नाही. तिकीट काढतानाच सांगा, विमानात बसल्यावर नको.

हिलोला पूल आहेत. विमानातून सरळ इमारतीत. आणि भाड्याच्या गाड्यांचे काउंटर समोरच, रस्ता ओलांडला की. कोनाला गाड्यांच्या ठिकाणी जायला शटल पकडावी लागते, सामान चढवा-उतरवा आलंच.

चांदणवेल
झुळूक, हे फारच कामाचं सांगितलंत, मनापासून आभार. सासूबाईंसाठी नेमकं हेच हवं होतं.

गोगलगाय, लाल उजेड सध्या दिसतो का पण? की नशिबावर आहे?

खगोलवेडा
पार्कमधल्या किलाउएआ ज्वालामुखीचं सांगतो. २३ डिसेंबर २०२४ ला शिखरावरच्या हालेमाउमाउ विवरात उद्रेक सुरू झाला आणि तेव्हापासून तो एकसलग न होता टप्प्याटप्प्याने होत आला. एक टप्पा काही तासांचा, कधी दिवसभराचा, आणि मग काही दिवस ते काही आठवडे शांत. टप्पा सुरू असतो तेव्हा लाव्हाची कारंजी उडतात, काही वेळा ३०० मीटरच्याही वर गेली आहेत. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाची हवाईची वेधशाळा रोज अहवाल टाकते आणि पुढचा टप्पा साधारण कुठल्या दिवसांत येईल त्याचा अंदाजही देते. निघायच्या आठवड्यापासून तो रोज वाचा.

विमानतळाशी याचा संबंध असा की टप्पा कधी सुरू होईल हे आपल्या हातात नाही, पण त्या वेळी आपण किती लांब असू हे आहे. पार्क चोवीस तास उघडं असतं. पार्कच्या दाराशी व्होल्कॅनो नावाचं छोटं गाव आहे. तिथे राहिलात आणि रात्री दोनला कारंजं सुरू झालं, तरी गाडी काढून दहा-पंधरा मिनिटांत विवराच्या कडेला पोचाल. कोहालाच्या रिसॉर्टमधून निघून पोचेपर्यंत सगळं आटोपलेलंही असू शकतं.

पिंपळपान
मी जरा वेगळं मत मांडतो. सगळे ज्वालामुखीच्या मागे धावताहेत, पण आठवडाभराच्या सुट्टीत वयस्कर माणसांना घेऊन हॉटेल बदलणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. औषधांचे डबे, गरम पाण्याची पिशवी, देवाचं छोटं सामान, सगळं काढायचं आणि परत भरायचं. नव्या खोलीत पहिल्या रात्री झोप नाही. आमच्याकडे तर दुसरा दिवस नुसता ‘अंग दुखतंय’ यातच जातो.

त्यापेक्षा कोनालाच उतरा, कोनाहूनच निघा, एकच मुक्काम ठेवा. लेक आणि तिचे बाबा एक रात्र व्होल्कॅनोला जाऊन येतील, तुम्ही आणि आजी-आजोबा किनाऱ्यावर. सगळ्यांनी सगळं बघायलाच हवं असं थोडंच आहे?

गोगलगाय
पिंपळपान, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, चांगला आहे. पण मग आजी-आजोबांनी लाव्हा बघायचाच नाही का? विवराची कडा गाडीच्या वाटेवर आहे, काही ठिकाणी गाडी लावून थोडंच चालावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला या बेटावर सगळ्यात सोपी असलेली मोठी गोष्ट ज्वालामुखीच आहे. वाळूत चालणं त्याहून अवघड.

झुळूक
हे अगदी खरं. वाळूतून चालताना आईचे हाल झाले होते, विवराच्या कडेला मात्र ती खुर्ची टाकून शाल गुंडाळून तासन् तास बसली. उठायचं नाव घेईना.

सागरगोटा
दोन्ही बाजूंनी इतकं बोलणं झालं, पण ‘एकाच विमानतळावरून येणं-जाणं’ हे कुणी ठरवलं? हिलोला उतरा, कोनाहून परत या. तिकिटं शोधताना ‘मल्टी-सिटी’ निवडा. जाताना हिलो, येताना कोना. अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात अशा तिकिटाचं भाडं बहुतेक वेळा दोन्ही परतीच्या भाड्यांच्या मधलं कुठेतरी येतं, फार भुर्दंड पडत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. होनोलुलू ते हिलो हा टप्पा वेगळं तिकीट काढून स्वस्तात पाडायला जाऊ नका, सगळं एकाच बुकिंगमध्ये घ्या. वेगळं असेल आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी कुणीही घेत नाही, सामानही पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावं लागतं. आमच्याबरोबरच्या एका कुटुंबाला यात अख्खी रात्र होनोलुलूला काढावी लागली. दुसरी गोष्ट गाडीची. हिलोला घेऊन कोनाला सोडायची तर बऱ्याच कंपन्या वेगळी ड्रॉप फी लावतात आणि ती कंपनीगणिक खूप बदलते. म्हणून तिकीट पक्कं करण्याआधी गाडीचा भाव त्याच तारखांना, त्याच दोन ठिकाणांचा बघा. नाहीतर तिकिटात वाचवलेलं गाडीत जातं.

उनाड
सागरगोटा, हे मान्य. माझा कोना परतीला तरी राहिला, समाधान आहे :)

पिंपळपान
ड्रॉप फी द्यायची, वर हॉटेलही बदलायचं. तुम्ही लोक हौशी आहात. पण निदान एकदाच बदलावं लागेल हे खरं.

मृगजळ
उलटं का नको? कोनाला थेट उतरा, हिलोहून परत.

सागरगोटा
दोन कारणं. कोनाहून मेनलँडला रात्रीची थेट विमानं असतात. शेवटचा दिवस पूर्ण समुद्रावर घालवून, आंघोळ करून संध्याकाळी विमानतळ गाठता येतो. हिलोहून निघालात की पुन्हा होनोलुलू, आणि शेवटचा दिवस विमानतळांतच जातो.

दुसरं कारण घड्याळाचं. हवाईत घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, म्हणून पश्चिम किनाऱ्याच्या दोन तास मागे आणि उन्हाळ्यात तीन तास मागे. पूर्वेकडून येणाऱ्यांना तर पाच-सहा तास. पहिल्या एक-दोन दिवशी पहाटे तीन-चारला टक्क जाग येते. रिसॉर्टमध्ये त्या वेळी छताकडे बघत पडून राहावं लागतं. व्होल्कॅनोला असाल तर उठून सरळ विवराकडे. मिट्ट काळोख, पार्किंग रिकामं, आणि वर चांदणं.

खगोलवेडा
+१०१. पहाटेची वेळ म्हणजे माझ्या तोंडचं वाक्य घेतलंत.

मौना केआचंही यात बसवा. तिथे वर जायचा रस्ता सॅडल रोडवरून फुटतो, आणि हिलोहून कोनाला जायचा जवळचा रस्ता तोच. म्हणजे मुक्काम बदलायच्या दिवशी वाटेतच. २,८०० मीटरवर अभ्यागत केंद्र आहे, साध्या गाडीने तिथवर जाता येतं. पुढे शिखराला फोर व्हील ड्राइव्ह लागते आणि हवा फार विरळ. आजी-आजोबांना आणि लेकीला केंद्रापाशीच थांबवा. तिथून दिसणारं आकाशही डोळे दिपवणारं असतं.

कुणी स्कूबा करणार असेल तर नीट ऐका. स्कूबा केल्यावर २४ तास वर जायचं नाही. विमानात बसायच्या आधीही थांबायचं, एकापेक्षा जास्त बुड्या मारल्या असतील तर निदान १८ तास जाऊ द्यायचे. शरीरात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो आणि ते जिवावर बेतू शकतं. आधी ज्वालामुखी आणि पहाड, मग समुद्र, हा क्रम म्हणूनही चांगला. उनाडनी सांगितलेल्या मांटाला हे लागू नाही, तिथे स्नॉर्केल लावून पाण्याच्या वरच तरंगायचं असतं.

चांदणवेल
सॅडल रोडबद्दल भीतीदायक गोष्टी वाचल्या. भाड्याची गाडी न्यायला मनाई असते म्हणे?

दर्यावर्दी
ती जुनी गोष्ट. रस्ता मुळात १९४२ मध्ये सैन्याने घाईघाईत केला होता. अरुंद, खड्ड्यांचा. पुढे तो टप्प्याटप्प्याने नव्याने बांधला आणि २०१३ मध्ये त्याला हवाईचे दिवंगत सिनेटर डॅनियल के. इनौये यांचं नाव दिलं. आता रुंद, गुळगुळीत, छान महामार्ग आहे. (होनोलुलूच्या विमानतळालाही त्यांचंच नाव आहे, जीपीएसमध्ये गोंधळू नका.) गाडीचा करार मात्र वाचाच. मौना केआच्या वरच्या रस्त्याला बहुतेक करारांत अजूनही मनाई असते.

रस्ता साधारण २,००० मीटरपर्यंत चढतो, दोन्ही पहाडांच्या मधल्या खिंडीतून. धुकं आणि पाऊस अचानक येतो. दिवसाउजेडी पार करा. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर मौना लोआचा उद्रेक झाला तेव्हा लाव्हा या रस्त्यापासून तीन किलोमीटरच्या आत येऊन थांबला होता. तो काळा प्रवाह गाडीतून दिसतो, लेकीला दाखवा.

बकुळ
कुणाला दम्याचा त्रास आहे का? ‘व्हॉग’बद्दल कुणी लिहिलं नाही. ज्वालामुखीतून गंधकाचे वायू निघतात, त्यांचं धुरकट आवरण तयार होतं. नेहमीचा वारा ते नैर्ऋत्येला ढकलतो आणि मग ते बेटाला वळसा घालून कोनाच्या किनाऱ्यावर येऊन साचतं. म्हणजे ज्वालामुखीपासून लांब असलेल्या कोनालाच कित्येकदा जास्त त्रास. वारा उलटा फिरला की हिलोकडे. माझ्या भावाला कोनात दोन दिवस पंप जवळ ठेवावा लागला होता. मुक्काम ठरवताना विचार करा.

चांदणवेल
सासऱ्यांना थोडा आहे दमा! बरं झालं सांगितलंत. डॉक्टरांना विचारून पंप आणि बाकी औषधं हातातल्या पिशवीत ठेवते.

मृगजळ
दोन विमानतळांचा हा गोंधळ फक्त हवाईत नाही बरं का. स्पेनच्या टेनेरिफे बेटावर असंच आहे. उत्तरेचा विमानतळ ६३० मीटर उंचीवर, ढगांच्या पट्ट्यात, धुकं नेहमीचं. १९७७ च्या मार्चमध्ये तिथेच दाट धुक्यात दोन जंबो धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. दुसऱ्याच वर्षी दक्षिणेचा विमानतळ सुरू झाला, कोरड्या बाजूला, आणि सुट्टीवाले आता बहुतेक तिथेच उतरतात. ग्रीसच्या क्रीटलाही हेराक्लिओन की हानिया हा प्रश्न पडतोच. लांबट बेट, दोन्ही गावांत १४० किलोमीटर.

गोगलगाय
टेनेरिफेची ती हकीकत वाचली की अजून पोटात गोळा येतो. बेट डोंगराळ असलं की एक बाजू ढगांची आणि एक उन्हाची, असंच दिसतं सगळीकडे.

उनाड
मंडळी, विमान कॅनरी बेटांकडे वळलंय, परत पॅसिफिकला आणा :)

चांदणवेल, तारखा ठरल्या आहेत का? ईस्टरनंतरच्या आठवड्यात हिलोला मेरी मोनार्क हुला महोत्सव असतो. त्या आठवड्यात खोल्या, गाड्या, बेटांमधली विमानं, काही म्हणजे काही मिळत नाही. आणि ऑक्टोबरात आयर्नमन स्पर्धेच्या वेळी कोनाची तीच गत.

चांदणवेल
सप्टेंबरात जातोय, त्यामुळे दोन्हीतून सुटलो.

आज घरात सगळ्यांसमोर नकाशा पसरून बसलो. लेकीने झुळूकच्या आईची गोष्ट आजीला वाचून दाखवली आणि आजीच म्हणाली, मग मलाही तिथेच बसायचंय. त्यामुळे पिंपळपान, तुमचा वाटून घ्यायचा बेत बारगळला, पण तुमचं ऐकून मुक्काम दोनच ठेवलेत, मधल्या कुठल्याही गावात थांबणार नाही. हिलोला उतरायचं, पहिल्या रात्री व्होल्कॅनो गावात, मग सॅडल रोडने कोहाला किनाऱ्यावरचं वाइकोलोआ, आणि परतीचं रात्रीचं विमान कोनाहून. मल्टी-सिटीचं भाडं खरंच फार वाढलं नाही. ड्रॉप फी एका ठिकाणी भरमसाट होती, दुसरीकडे जवळपास नाहीच, म्हणून दुसरीकडे गाडी घेतली. व्हीलचेअर सगळ्या टप्प्यांना सांगून ठेवली.

दोन प्रश्न उरलेत. व्होल्कॅनोला थंडी कितपत असते? आणि होनोलुलू ते हिलो कुठल्या बाजूची खिडकी घेऊ?

झुळूक
किती छान वाटलं वाचून! आईला सांगते आजच.

थंडी चांगलीच. गाव १,२०० मीटरवर आहे, त्यात ओलावा आणि वारा. रात्री स्वेटर, कानटोपी, वर पावसाचं जाकीट. लोक हवाई म्हणून नुसते सुती कपडे नेतात आणि कुडकुडतात. आजीला पायमोजे जाड द्या.

दर्यावर्दी
खिडकी उजवीकडची. विमान आग्नेयेला जातं, हिलो जवळ आलं की हामाकुआचे कडे आणि मौना केआ उजव्या हाताला येतात. कड्यांवरून समुद्रात पडणारे बारीक धबधबे दिसतात, ढग नसतील तर. हिलोचा पाऊस बराचसा रात्री आणि पहाटे पडतो, त्यामुळे सकाळी उशिराचं विमान मिळालं तर तेच घ्या.

बकुळ
परत येताना हिलोच्या बाजारातली पपई, रामबुतान बॅगेत टाकू नका हं. मेनलँडला जाणाऱ्या सगळ्या सामानाची कृषी खात्याची तपासणी विमानतळावरच होते, बहुतेक ताजी फळं काढून घेतात. अननस आणि नारळ चालतो.

उनाड
आणि कोनाला गाडी परत करायला जरा लवकर जा. गाडीच्या जागेपासून शटल, मग ती फळांची तपासणी, मग सुरक्षा तपासणी, आणि रात्रीची सगळी विमानं एकाच सुमारास सुटत असल्याने रांग लांबते. पेट्रोल आधीच भरून घ्या, विमानतळाच्या अगदी जवळ पंप शोधत बसायला नको. आजी-आजोबांना आधी इमारतीपाशी लेकीबरोबर उतरवा आणि मग तुम्ही दोघं गाडी सोडायला जा.